त्या घरीच असतात

माझी सही आजवर सगळ्यात जास्त वेळा कुणी घेतली असेल, तर आमच्या इमारतीत पार्सलं टाकणाऱ्या मुलाने. आठवड्यातून पाच-सहा वेळा तरी. तो मोबाइल पुढे करतो, मी काचेवर बोटाने एक वेलांटी आणि तिच्याखाली एक रेघ ओढते, तो ‘थँक्यू मॅडम’ म्हणतो आणि चारशे दोनचा मिक्सर, पाचशे एकचे बूट किंवा तीनशे तीनमधल्या बाळाचे डायपर माझ्या उंबऱ्याशी ठेवून दोन-दोन पायऱ्या उतरत निघून जातो. अकरा वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून मी पूर्णवेळ कथा-कादंबऱ्या लिहू लागले, तेव्हा लोक आपल्याकडे सह्या मागतील असं कुठेतरी मनात होतं, हे नाकारत नाही. तर मागतात.

याची सुरुवात आमच्या वॉचमनने केली. मी घरी बसू लागल्यावर पंधरा दिवसांतच त्याने माझ्या नव्या व्यवसायाची व्याख्या करून टाकली. कुणी कुरियरवाला खाली घुटमळला, की तो वर बोट दाखवून सांगायचा, “दोनशे चारला द्या. त्या घरीच असतात.” पूर्णवेळ लेखिका म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला पुढे कुठल्या परिसंवादातही ऐकायला मिळालं नाही. गॅसचा सिलिंडर, वायफायवाला माणूस, चारशे एकच्या मुलीची शाळेतून लवकर सुटलेली बस, सगळ्यांना माझा पत्ता पाठ झाला.

राजीनाम्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना होता. आजारपण, कौटुंबिक, दुसरी नोकरी, अन्य. मी ‘अन्य’वर खूण केली आणि पुढच्या टीचभर जागेत ‘लेखन’ असं लिहिलं. माझं अक्षर लहानपणापासून बदनाम. दोन दिवसांनी मुख्य कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. जरा चाचरतच म्हणाली, “मॅडम, अभिनंदन. पण आमच्याकडे तुम्ही आधीच मॅरीड आहात.” तिने ‘लेखन’चं ‘लग्न’ वाचलं होतं. मी त्रेचाळीस वर्षांची, मुलगी दहावीत. मी खुलासा केला. त्यावर ती जेवढी गप्प झाली, तेवढी लग्नानेही झाली नसती.

आईचा विरोध जास्त अभ्यासपूर्ण होता. तिचं माहेर शिरोड्याजवळचं. तिच्या लेखी मराठी साहित्याची सुरुवात शिरोड्याच्या शाळेत होते, कारण वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथे मास्तर होते. “खांडेकरांनी काय शाळा सोडून लिहिलं? आणि शेवटी ज्ञानपीठ मिळालं ते मिळालंच ना?” आता ‘ययाति’ आली ती १९५९ मध्ये, म्हणजे शिरोडं सोडल्यावर एकवीस वर्षांनी, आणि ज्ञानपीठ तर १९७४ चं. पण माहेरच्या माणसाबद्दल आईशी वाद घालण्याइतकी मी तेव्हाही अडाणी नव्हते.

आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये होते. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट. जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, गंगाधर गाडगीळ मुंबईत अर्थशास्त्र. मराठी कथा-कादंबरीचा निम्मा इतिहास मस्टरवर सही करून मग लिहिलेला आहे. सकाळी मस्टर, दुपारी डबा, संध्याकाळी लोकल आणि रात्री वाङ्मय. मी शोधून शोधून एकच नाव काढलं. “रत्नाकर मतकरींनी सोडली होती बँकेतली नोकरी. १९७८ मध्ये. पूर्णवेळ लिहायला.” आईने डाळ निवडता निवडता वरही न बघता सांगितलं, “ते मतकरी होते.”

तिथे विषय संपला आणि मी नोकरी सोडली.

पैशाचं आधी उरकून घेते, कारण त्याला वेळ लागत नाही. समजा, कादंबरीची किंमत ३०० रुपये. रॉयल्टी दहा टक्के धरली, तर प्रतीमागे ३० रुपये. आवृत्ती पूर्वी हजाराची असे, माझ्या वाट्याला पाचशेची आली. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर १५,००० रुपये. माझ्या पहिल्या कादंबरीला अडीच वर्षं लागली, म्हणजे तीस महिने. भागाकार मी बँकेत असताना कॅल्क्युलेटरशिवाय करत असे, अजूनही जमतो. दरमहा ५०० रुपये. आमच्या जिन्याचा केर काढणाऱ्या बाईंना सोसायटी याच्या काही पट देते, आणि ते योग्यच आहे. जिना दिसतो तरी.

बरं, हे ५०० रुपये दरमहा येत नाहीत. वर्षातून एकदा हिशेबाचा कागद येतो. एका वर्षी त्यात ‘विक्री ४२ प्रती’ असं होतं आणि सोबत १,२६० रुपयांचा चेक. तो भरायला मी शेजारच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने चेक उलटसुलट करून पाहिला आणि आपुलकीने विचारलं, “काकू, भिशीचे का?” मी हो म्हटलं. खरं सांगायला अर्धा तास लागला असता आणि माझ्यामागे रांग होती.

माझा भाचा सीए आहे. पहिल्या वर्षी त्याने उत्साहाने आयकराचं कलम उघडलं. पुस्तकांच्या रॉयल्टीवर वर्षाला तीन लाखांपर्यंत सूट देणारं ८० क्यूक्यूबी नावाचं कलम, जुन्या करपद्धतीतलं. त्यात एक पोटअट होती. रॉयल्टी विक्रीमूल्याच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर वरची रक्कम सुटीसाठी धरायची नाही. भाच्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “मावशी, तुला पंधरा टक्क्यांच्या वर मिळते का?” मला त्या कलमाचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. कल्पित साहित्यात आम्ही उगाच मिरवतो.

दिवाळी अंकांचंही असंच. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी कथालेखकाचं पंचांग कायमचं बदललं. लोकांची दिवाळी आश्विनात येते, आमची ज्येष्ठात. संपादकांचा फोन मे महिन्यात, कथा द्यायची जुलैच्या अखेरीस. बाहेर डोंबिवलीचा पाऊस धो धो कोसळतोय, वीज गेलेली, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात उटण्याचा वास आणि पहाटेची बोचरी थंडी लिहिते आहे. खरी दिवाळी येते तेव्हा मला ती शिळी वाटते. मानधन साधारण होळीला येतं, येतं तेव्हा. ‘मानधन’ या शब्दावरची कोटी मी करणार नाही. ती प्रत्येक मराठी लेखक आयुष्यात एकदा करतो आणि माझी करून झाली आहे.

एक मात्र या धंद्यासारखं दुसऱ्या कुठल्याही नोकरीत नाही. लेखक गेल्यावरही साठ वर्षं त्याच्या पुस्तकांचा हक्क वारसांकडे राहतो, असा कायदाच आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून कुणालाही छापता येते. म्हणजे मेल्यावर साठ वर्षं पगार. प्रश्न फक्त मधल्या काळाचा आहे, ज्यात लेखक जिवंत असतो. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. ते २००३ मध्ये गेले आणि २०१३ मध्ये तिच्यावरच्या सिनेमाला रांगा लागल्या. त्या रांगेत मीही होते. तिकीट काढताना आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली.

मधला काळ माझ्या बाबतीत नवऱ्याने निभावला. हे स्वच्छ सांगायला हवं, कारण मुलाखतीत कुणी विचारत नाही. पूर्णवेळ लेखकाच्या घरात बहुधा एक पूर्णवेळ नोकरदार असतो. त्याचं नाव मुखपृष्ठावर नसतं. ऋणनिर्देशात असतं, शेवटून दुसऱ्या ओळीत, टायपिंग करून देणाऱ्याच्या आणि ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतकां’च्या मध्ये.

तर पैसे संपले. आता मिळकतीकडे वळते.

पार्सल न्यायला आलेला माणूस पार्सल घेऊन लगेच जात नाही, हा शोध मला पहिल्या सहा महिन्यांत लागला. चारशे दोन रात्री नवाला येते. (माणसांना मी फ्लॅटच्या नंबरांनीच ओळखते, नावं नंतर कळतात.) ऑफिसची बॅग खांद्याला, पायांत तशाच चपला, “बसत नाही हं” असं म्हणत दाराच्या चौकटीला टेकते आणि चाळीस मिनिटं उभी राहते. मिक्सर आणला कारण जुना सासूबाईंनी जाळला. मुद्दाम नाही, पण मुद्दामच. हे ती कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या आईबद्दल, आईला सांगितलं तर जावयाबद्दल. मी तिची कुणीच लागत नाही आणि घरीच असते. मी चटणीचं भांडं किती लिटरचं आहे असले प्रश्न विचारते, तिला जरा उसंत मिळते. बँकेत पंचवीस वर्षं माणसं माझ्यासमोर बसली, पण ती कर्ज मागायला. त्यामुळे खरं बोलण्याची सोय नव्हती.

यातलं काही मी जसंच्या तसं लिहीत नाही. हे मी तिला सांगितलेलं आहे, आणि ती प्रत्येक दिवाळी अंक तरीही आधी चाळून बघते. आमच्या आत्याचं निराळंच. घरातलं काहीही सांगितलं की ती बजावते, “हे लिहू नकोस हं.” गेल्या गणपतीत भेटली तेव्हा मला बाजूला घेऊन कुजबुजली, “ते, जमिनीचं… घेतलंस की नाही कशात? दोन वर्षं झाली.”

सहाशे दोनमध्ये एक आजी राहतात. त्या काही मागवत नाहीत. तरी दर गुरुवारी दुपारी चारला लिफ्टने खाली येतात आणि विचारतात, “माझं काही आलंय का?” मी म्हणते, “नाही आजी, अजून नाही.” मग त्या बसतात. चहा होतो. गिरगावातल्या चाळीत त्यांचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष गेलं, त्यातला एकेक दिवस त्या एकेका गुरुवारी सांगतात. शेजारच्या खोलीतल्या वहिनींनी सर्वांदेखत त्यांचा अपमान केला होता, कळशीवरून. साठ वर्षं झाली, वहिनी गेल्या, चाळही गेली, आणि अजून आजींना त्यावर काय उत्तर द्यायला हवं होतं ते सुचलेलं नाही. मी कथा लिहिली. त्यात नव्या सुनेने ते उत्तर दिलं. अंक आल्यावर आजींना नेऊन दिला. पुढच्या गुरुवारी त्या भिंग घेऊनच आल्या, पान उघडलं आणि म्हणाल्या, “असं झालं नव्हतं.” मी गप्प. “पण व्हायला हरकत नव्हती.” मग भिंग एका ओळीवर आणून त्या जरा रागावल्याच. “नळ साडेपाचला नाही यायचा. साडेचारला. साडेपाचला आला असता तर भांडण कशाला झालं असतं?”

एवढं बारकाईने वाचणारा वाचक फार थोड्यांना लाभतो. चंद्रकांत काकोडकरांना लाभला होता, पण त्यासाठी त्यांना फार लांब जावं लागलं. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या कोर्टात सुटका झाली, उच्च न्यायालयात शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निकाल दिला. सात वर्षं एका कथेवर तज्ज्ञांची साक्ष, उलटतपासणी आणि थेट दिल्लीत न्यायमूर्तींकडून काळजीपूर्वक वाचन! त्यांना या सगळ्याचा जाच झालाच असेल, यात शंका नाही. पण माझ्या कादंबरीवर साडेतीनशे शब्दांचं परीक्षण आलं आणि त्यात नायिकेचं नाव चुकलेलं होतं, त्या दिवशी मला त्यांचा किंचित हेवा वाटला, हेही खरं.

आता गिरणी. हा माझ्या अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा लाभ आहे, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

दुसऱ्या कादंबरीत मला एक पिठाची गिरणी हवी होती. गिरणीत डबा ठेवून येणं मला लहानपणापासून माहीत, पण आत काय चालतं ते माहीत नव्हतं. बँकेत असते तर डबा ठेवून लोकल पकडली असती. आता मला कुठेच जायचं नव्हतं. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीतल्या गिरणीवाल्यांना मी सांगितलं, “काका, मी गोष्ट लिहिते आहे. थोडा वेळ उभी राहू का?” त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पट्ट्यापासून लांब राहायला सांगितलं आणि एक उलटा डबा बसायला दिला. त्या डब्यावर मी तीन दुपारी काढल्या.

कापडी बाहीतून पीठ खाली पडत असतं, आणि ते मध्येच हात घालून चिमूट घेतात. अंगठ्याने बोटावर घासतात. बघत नाहीत, नुसतं घासतात, आणि दुसऱ्या हाताने चाक पाव फेरा फिरवतात. पुरणपोळीला असेल तर मऊ, लाडवाला असेल तर रवाळ. वरच्या पेटीतले गहू संपत आले की दगडाचा आवाज बदलतो, जरा पोकळ होतो. मला तो दुसऱ्या दिवशी ऐकू यायला लागला आणि एखादी भाषा समजू लागावी तसा आनंद झाला. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, नाहीतर पीठ दळलं जात नाही, नुसतं तापतं. बाजरीवर गहू टाकलेले बायकांना चालत नाहीत, पोळी काळी पडते म्हणतात. उपासाचं दळण निराळं, त्याचा वारही निराळा.

पण खरी गोष्ट डब्यांची होती. काकांना माणसांची नावं येत नव्हती, डबे येत होते. पोचा पडलेला, लाल ऑइल पेंटने आडनाव घातलेला, झाकणाला दोरी बांधलेला. “हा बघा,” ते म्हणाले, “पाच किलोंचा होता. दोनवर आला. म्हणजे मुलगा बाहेरगावी गेला.” दुसरा दाखवला. “इथे नुसते गहू यायचे. आता निम्मी ज्वारी. कुणाला तरी साखर निघाली.” ज्या डब्यात एकदम दहा किलोंचं दळण आलं त्या घरी कार्य. जो डबा दोन महिने आलाच नाही त्याबद्दल ते बोलले नाहीत, नुसतं चाक फिरवलं. मी पंचवीस वर्षं लोकांची पासबुकं बघितली. त्यांतल्या एकातही मला एवढं दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी विचारलं, “ताई, गोष्टीत गिरणीचं शेवटी काय होतं?” मी खरं ते सांगितलं. कादंबरीच्या आराखड्यात गिरणी बंद पडत होती आणि तिच्या जागी मोबाइलचं दुकान येत होतं. असं बरंच काही मी वाचलेलं होतं आणि ते मला फार वास्तव वाटत होतं. काकांनी हातातलं पीठ झटकलं. “बंद कशाला पाडता? आमची चालू आहे की.”

आता यावर काय बोलणार? मी घरी येऊन शेवटची तीन प्रकरणं काढून टाकली. चार महिन्यांचं काम. नव्या शेवटात गिरणी चालू राहिली, माणसं तेवढी हलली. एका समीक्षकाने त्याला ‘आशावादाचा अट्टाहास’ म्हटलं. आपण काय करणार, गिरणी चालू होती.

पुस्तक आल्यावर एक प्रत काकांना दिली. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिठाचा कण लागणार नाही अशी, देवाच्या फोटोमागे ठेवली. वाचली का ते मी विचारलेलं नाही. पण तेव्हापासून माझा डबा रांगेत राहिलेला नाही. शनिवारी संध्याकाळी, दिवाळीच्या भाजणीच्या आठवड्यातसुद्धा, पंधरा डबे मांडलेले असताना काका माझा डबा उचलून आधी पेटीत रिकामा करतात. कुणी कुरकुरलं तर म्हणतात, “त्यांचं निराळं आहे.” आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच विचारात पडली. थोड्या वेळाने म्हणाली, “खांडेकरांनाही शिरोड्यात असं होत असणार.” माझ्या हयातीत मला याहून मोठा गौरव मिळेल असं वाटत नाही.

बाकी कामाचं स्वरूप बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, हा त्रास उरतोच. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचे आडाखे बरोबर उलटे आहेत. मी खिडकीशी तासभर नुसती बसले, म्हणजे एक अख्खं प्रकरण डोक्यात जुळून येत असतं, तेव्हा त्या म्हणतात, “वहिनी, आज लिहिणं नाही वाटतं.” आणि मी लॅपटॉपवर वीजबिलाच्या तक्रारीचा मेल बडवत असले, की पावलं न वाजवता लादी पुसतात. गेल्या वर्षी कादंबरीचं ऑडिओबुक निघालं. पाचशे एकच्या बाईंनी भाजी चिरता चिरता ऐकलं. “छान आहे हो. मी दीडच्या स्पीडला लावते, नाहीतर फार वेळ जातो.” माझी अडीच वर्षं त्यांनी दोन संध्याकाळी आणि तीन जुड्या मेथीत संपवली. पण दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टमध्ये भेटल्या आणि कादंबरीतल्या धाकट्या जावेला माझ्यादेखत शिव्या घालू लागल्या. ती जाऊ मी एका पावसाळ्यात, तीनशे तीनचं पार्सल दाराशी पडलेलं असताना, शून्यातून उभी केली होती. आता ती लिफ्टमध्ये होती, दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, आणि पाचशे एकला तिचा खरोखरचा राग आला होता. बँकेत प्रमोशन मिळालं होतं तेव्हाही मी लिफ्टने जात असे, पण इतकी वर गेल्याचं आठवत नाही. आणि तेही लिफ्ट खाली जात असताना.

मागच्या मंगळवारी दुपारी बेल वाजली. मी एका वाक्यात अडकले होते, ते वाक्य तसंच टाकून उठले. दारात तोच मुलगा, दोन्ही हातांनी एक जड खोकं छातीशी धरलेलं. मी सवयीने विचारलं, “कुणाचं?”

त्याने पत्ता पुन्हा वाचला. “तुमचंच आहे, मॅडम.”

नव्या कादंबरीच्या लेखकाच्या प्रती होत्या, दहा. मला धीर धरवेना. स्वयंपाकघरातली सुरी आणून मी तिथेच उंबऱ्यात खोकं फोडलं. नव्या कागदाचा वास सुटला. तो वाकून बघत होता. वरची प्रत उचलून त्याने उलटी केली, मागच्या बाजूचा फोटो बघितला, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. फोटो आठ वर्षांपूर्वीचा आहे.

“हे तुम्ही केलं?”

“हो.”

“मला वाटलं, डेटा एंट्री करता.” मग त्याने पुस्तक हातावर तोलून पाहिलं, जशी तो पार्सलं तोलतो. “घरी बसून? आमची पार्सलं घेत घेत?”

मी म्हटलं, “घेत घेतच.” किंमत बघून त्याची भुवई वर गेली. मी म्हटलं, “ती तुला ठेव.” त्याने खिशातून मोबाइल काढला, पोचलं म्हणून नोंद केली, नेहमीसारखी काच माझ्यापुढे धरली. मी वेलांटी काढली, रेघ ओढली. मग तो थांबला, मोबाइल खिशात घातला, पुस्तकाचं पहिलं कोरं पान उघडून तसंच माझ्यापुढे धरलं आणि शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन काढून दिलं.

“इथेपण.”

माझ्या हाताला काचेची सवय झालेली. पेनाने नीट येईना. नाव लिहिलं, तारीख घातली. त्याने फुंकर मारून शाई वाळवली, पुस्तक पाठीवरच्या पिशवीत एका बाजूला उभं ठेवलं, आणि त्याच पिशवीतून एक लांबट पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

“आणि हे चारशे दोनचं. त्या घरी नाहीत.”